कन्व्हर्टिबल की हार्डटॉप: नागपुरात जुनी स्पोर्ट्स कार घेताना

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा माणूस छताबद्दल भरभरून बोलतो, दरवाज्याखालच्या पत्र्याचा विषय काढत नाही. घेणाऱ्याने मात्र पाहणी तिथूनच सुरू करावी. मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत, छत, खांब, फ्लोअर आणि दरवाज्याखालची सिल मिळून एक बंद पेटी तयार होते आणि गाडीची ताठरता त्या पेटीतून येते. छत काढलं की पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंतचा सगळा पीळ सिल, मधला टनेल (फ्लोअरच्या मध्यावरचा उंचवटा) आणि फ्लोअर यांनाच सोसावा लागतो. म्हणून सिलला लागलेला तोच गंज बंद गाडीत दुरुस्तीचा खर्च असतो, तर उघड्या गाडीत तो गाडीचा कणाच खातो.

आधी एक घोळ मिटवू. जाहिरातीत ‘हार्डटॉप’ लिहिलेलं असतं तेव्हा समोर तीन वेगवेगळ्या गाड्या असू शकतात. पहिली फिक्स्ड हेड कूपे. हिचं पोलादी छत बॉडीला वेल्ड केलेलं असतं. दुसरी मुळात कन्व्हर्टिबलच, वर फायबरग्लासचं किंवा पत्र्याचं सुटं झाकण बोल्टने बसवलेलं. मर्सिडीज २३० एसएलचं पॅगोडासारखं खोलगट छत या प्रकारातलं. तिसरी अमेरिकन पद्धतीची: छत पक्कं, पण दोन खिडक्यांच्या मधला खांब नाही. स्पोर्ट्स कारच्या बाजारात गोंधळ होतो तो पहिल्या दोनांत. सुटं हार्डटॉप पुढे विंडस्क्रीनच्या फ्रेमला दोन क्लॅम्पनी आणि मागे काही बोल्टनी धरलेलं असतं. त्याने पाऊस अडतो, आवाज कमी होतो, गाडीही थोडी घट्ट वाटते. पण वेल्ड केलेल्या छताची ताठरता त्यातून मिळत नाही आणि गाडी उलटली तर त्याचा भरवसा धरता येत नाही. अशी गाडी तपासताना तिला उघडी गाडीच समजा.

फरक समजायला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार चांगली, कारण एकच गाडी दोन्ही रूपांत आली. उघडी रोडस्टर १९६२ मध्ये, पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हातचं छत असलेली जीटी १९६५ मध्ये. दोन्हींचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. इंजिन तेच १७९८ सीसीचं. जीटी साधारण १०० किलोने जड, म्हणून वेग घ्यायला जरा मंद, पण खराब रस्त्यावर तिचा डॅशबोर्ड शांत राहतो. रोडस्टर उमरेड रोडसारख्या पॅच मारलेल्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगात आली की स्टिअरिंग कॉलम आणि विंडस्क्रीनची फ्रेम थरथरते. थोडी थरथर उघड्या गाडीच्या स्वभावातच आहे. व्हील बॅलन्सिंग बिघडल्याची थरथर गुळगुळीत रस्त्यावरही एका ठरावीक वेगाला येते. बॉडीची थरथर खड्डा, जॉइंट किंवा पॅच आला की येते. चाकं बॅलन्स करूनही दुसऱ्या प्रकारची थरथर जोरात असेल, तर सिलकडे वळा.

सिलची परीक्षा अशी करा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवा आणि दोन्ही दरवाज्यांच्या फटी पाहा. फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण ४ ते ५ मिमी हवी. दरवाज्याच्या वरच्या टोकाला फट मिटलेली आणि खाली रुंद असेल, तर गाडी मध्यात बसली आहे. मग मागच्या एका बाजूला कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक लावून चाक जमिनीपासून जेमतेम उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून बंद करा. फटीत किंचित फरक पडला तर चालेल. दरवाजा घासायला लागला, लॉक लागेना किंवा जॅकची जागाच आत दबली, तर पेंट कितीही चकाकत असो, किंमत सिल बदलायची आहे असं धरूनच बोला. शेवटी मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक सिलच्या पूर्ण लांबीवर फिरवा. तो जिथे सैल पडतो तिथे पुट्टी भरलेली आहे. जुन्या सिलवर नवा पत्रा चढवून वेल्ड मारलेला असणं फारच सर्रास आढळतं. बाहेरून नवं दिसतं, आत कुजणं चालूच राहतं.

दुरुस्तीतली एक चूक गाडी कायमची वाकडी करते. उघड्या गाडीची जुनी सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमी चौकोनी पाइप तात्पुरता वेल्ड करावाच लागतो, शिवाय एक आडवा पाइप डावीकडून उजवीकडे. गाडी घोडीवर लेव्हलमध्ये ठेवायची, एका वेळी एकच बाजू कापायची आणि शेवटचं वेल्डिंग करण्याआधी दरवाजा लावून फट पाहायची. हे न करता डेंटरने दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या तर बॉडी मध्यात खचते, नवी सिल त्या खचलेल्या मापात पक्की होते आणि मग दरवाजा कधीच नीट बसत नाही. बंद गाडीत छत सांभाळून घेतं, म्हणून चूक कमी महागात पडते. गॅस ब्रेझिंगने काम उरकू देऊ नका. मिग वेल्डिंगने ६ ते ८ मिमी भोकांतले प्लग वेल्ड साधारण २५ ते ३० मिमी अंतरावर हवेत. काम संपलं की सिलच्या पोकळीत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स मारायचं, आणि खालची पाणी निघायची भोकं पेंटने बुजली असतील तर तारेने मोकळी करायची.

वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांत छताचं महत्त्व कमी असतं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड चेसिसवर उभी आहे आणि तिचं छत बोल्टने बसतं, इथपर्यंत ठीक. पण त्याच घराण्यातल्या ट्रायम्फ स्पिटफायरच्या चेसिसला बाहेरचे उभे मेंबर नाहीत, तिथला भार सिलच उचलतात. म्हणजे चेसिस आहे म्हणून स्पिटफायरची सिल तपासायची सोडून चालत नाही. तिची बंद बहीण जीटी६, दोन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची.

आता कापडाचं हूड, म्हणजे उघड्या गाडीचं दुमडणारं छत. नागपुरात हूडचा खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले. नवतप्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्या तापाने हूडचं व्हायनल (रेक्झिनसारखं प्लास्टिक कापड) कडक होतं, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकते आणि शिलाईचा साधा सुती दोरा जळल्यासारखा तुटतो. व्हायनल स्वस्त असतं आणि पुसलं की स्वच्छ होतं. मोहेअर म्हणून जे कापड मिळतं त्यात दोन कापडी थरांच्या मध्ये रबराचा थर असतो. ते महाग, पण कमी आकसतं आणि आतून घुमत नाही. गाडी रोज सावलीत राहणार असेल तर मोहेअर घ्यावं, अर्धा दिवस उन्हात राहणार असेल तर कुठलंच कापड फार टिकणार नाही.

हूड शिवायला शहरात जीपची हूडं शिवणारे कुशनवाले आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो. मात्र जीपचं हूड जवळजवळ सपाट असतं, स्पोर्ट्स कारचं तीन बाजूंनी वळतं. त्यामुळे जुनं हूड कितीही फाटलेलं असलं तरी फेकू नका. त्याची शिलाई उसवून प्रत्येक तुकडा मापाचा नमुना म्हणून वापरायचा असतो. दोरा उन्हाला टिकणारा बॉन्डेड पॉलिएस्टरच हवा आणि शिलाईवर आतून सीलर हवा. पुढच्या पट्टीवर कापड चिकटवायला नेहमीचं सोल्युशन लावलं तर ते एप्रिलमध्येच मऊ होऊन कापड सुटतं. उष्णतेला टिकणारं कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह मागा. आणि व्हायनल भर दुपारी ताणून बसवू देऊ नका. तापलेलं व्हायनल हवं तेवढं ताणतं, मग डिसेंबरच्या सकाळी आकसलं की पुढचे क्लॅम्प पोचत नाहीत. सकाळी, पत्रा कोमट असताना बसवावं.

वापराचे नियम थोडे, पण मोडायचे नाहीत. ओलं हूड दुमडून ठेवायचं नाही. जुलैच्या दमट हवेत दोन-चार दिवसांत बुरशी धरते. दुमडताना प्लास्टिकच्या खिडकीत जुनं फ्लॅनेल घालायचं. महिनोन् महिने हूड खाली ठेवायचं नाही, नाहीतर ते दुमडलेल्या मापातच आकसतं. सुटं हार्डटॉप बसवून वर्षभर गाडी चालवणाऱ्यांचं हूड असंच खाली पडून वाया जातं. हार्डटॉप काढायला दोन माणसं लागतातच, आणि काढल्यावर ते कडेवर टेकवून भिंतीशी उभं केलं तर फायबरग्लासचं छत उन्हाळ्यात वाकतं. चार जागी आधार देणारा स्टँड किंवा गॅरेजच्या छताला टांगायचा होइस्ट आधी करून घ्या.

गळतीची तपासणी दोन्ही प्रकारांत वेगळी. उघड्या गाडीत पाणी विंडस्क्रीनच्या वरच्या रबरातून आणि खिडकीच्या मागच्या कोपऱ्यातून येतं. हूड ज्या खोबणीत दुमडतं तिच्यात पाणी जायचे ड्रेन असतील, तर ते कडुनिंबाच्या पानांनी भरतात आणि पाणी थेट सिलमध्ये उतरतं. बंद गाडीत छताच्या कडेची पन्हळ, विंडस्क्रीनच्या रबराखालचे दोन कोपरे आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या कुजतात. साध्या पाइपने, कमी दाबाने, खालून वर सरकत दहा मिनिटं पाणी मारा आणि आत वर्तमानपत्र अंथरा. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही.

उन्हाळ्यात उघडी गाडी थंड वाटेल, ही समजूत इथे चालत नाही. सकाळी नऊनंतर डोक्यावर ऊन आणि तोंडावर झळा. बाहेरची हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम असेल तर वाऱ्याने आराम मिळत नाही. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघड्या गाडीला पहाटेचे दोन तास मिळतात, जुलै ते सप्टेंबर जवळजवळ काहीच नाही. तिचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सकाळी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स, किंवा रविवारी रामटेकपर्यंत जाऊन परत. तेवढ्यासाठी ती घ्यावीच, त्यात जे सुख आहे ते बंद गाडीत नाही.

बंद कूपे एसीशिवाय उन्हाळ्यात त्याहून वाईट, विशेषतः मागे मोठी तिरपी काच असलेली. पण तिला डॅशबोर्डखालचा एसी बसवता येतो आणि थंडावा आत टिकतो. कापडी हूडमधून तो निसटतो. एसीआधी दोन कामं. एक, डायनॅमो काढून अल्टरनेटर. जुना लुकास सी४० डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो. ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि हेडलाइट मिळून त्याच्या आवाक्याबाहेर जातात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, तो निगेटिव्ह केल्याशिवाय आजचा अल्टरनेटर लावला तर त्यातले डायोड तत्काळ जळतात. दुसरं, रेडिएटर उघडून साफ करणं आणि इलेक्ट्रिक पंखा, कारण कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि वर्धा रोडच्या सिग्नलवर तापमानाचा काटा चढायला लागतो.

आमचं मत स्पष्ट आहे. गाडी तीन बाजूंनी उघड्या पोर्चमध्ये किंवा अपार्टमेंटच्या कडेच्या पार्किंगमध्ये राहणार असेल, किंवा वर्षातून आठ-नऊ महिने वापरायची असेल, तर वेल्ड केलेल्या छताची कूपे घ्या. शटर लागणारं गॅरेज आहे आणि हिवाळ्यापुरती हौस आहे, तर उघडी घ्या, पण पैसे हूडऐवजी सिल चांगली असलेल्या गाडीवर घाला. हूड नवं शिवता येतं. सुटं हार्डटॉप सोबत मिळत असेल तर चांगलंच, मात्र त्यासाठी कुजलेली गाडी पत्करू नका. किमतीत ब्रिटिश गाड्यांची उघडी रूपं बहुधा महाग असतात, पण अपवाद मोठे आहेत: मर्सिडीज ३०० एसएलची पंखासारख्या दारांची बंद गाडी तिच्याच रोडस्टरपेक्षा वर जाते.

उघडी गाडी महाग असल्यामुळेच छत कापून ‘कन्व्हर्टिबल’ बनवलेल्या गाड्या बाजारात येतात. अशी गाडी सिलला आतून मजबुती न देता कापलेली असेल तर ती चालवायला धोक्याची आहे. कागदावरही ती अडते: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला मिळणारी व्हीए मालिकेची नोंदणी, नवी असल्यास २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत, ही चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीसाठीच आहे. ती नोंदणी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांपुरती असते. हेही घेण्याआधी लक्षात घ्या.

म्हणून एमएच ३१, ४० किंवा ४९ चं आरसी हातात आलं की बॉडीच्या प्रकाराचा रकाना वाचा आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष प्लेटवर पाहा. एमजीबीत जीएचएनने सुरू होणारा नंबर उघड्या गाडीचा, जीएचडी हा जीटीचा. सुरुवातीच्या उजव्या स्टिअरिंगच्या जग्वार ई-टाइपमध्ये उघड्यांचे नंबर ८५०००१ पासून आणि बंद कूपेचे ८६०००१ पासून. प्लेट एक सांगते आणि छत दुसरं, तर टोकन देऊ नका.