दार घासायच्या आधी पोराला बाहेर काढा

नौपाड्यात आमच्या शेजारी गणपतीच्या आधी रंगकाम काढलं, पेंटर जुन्या दाराचा पिवळा ऑइल पेंट पॉलिश पेपरने घासतोय आणि तिथेच दहा महिन्यांचं बाळ रांगतंय, पूड हाताला, हात तोंडात. म्हटलं काकू, त्याला आत न्या, तर म्हणाल्या धूळच ना, अंघोळ घातली की जाईल.

अंगावरची जाईल हो, पोटातलीचं काय? घरगुती रंगात शिशाची (लेड, विषारी धातू) ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे त्याआधीच्या दारं-ग्रिलवर, त्यातून पिवळा किंवा लाल रंग असेल तर, शिसं असू शकतं. (पेन्सिलीतलं 'शिसं' वेगळं, ते ग्रॅफाइट.)

घोळ असा की शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही. वाढत्या पोराला कॅल्शियम हवंच असतं, त्यामुळे पोटात गेलेल्या शिशापैकी ४०-५०% त्याचं शरीर शोषून घेतं, मोठ्यांमध्ये हेच साधारण १०%, आणि पोराच्या अंगात लोह कमी असेल तर अजून जास्त. शिकताना मेंदूतल्या पेशींचे जोड पक्के होतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, नेमकी तिथेच शिसं लुडबुड करतं. ताप नाही, उलटी नाही, फक्त लक्ष टिकत नाही, मग शाळेत शिक्का बसतो मस्तीखोर म्हणून.

१९७९ साली डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीतल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं, भारी डोकं लावलं बुवा! ज्यांच्या दातांत जास्त शिसं त्यांचा बुद्ध्यांक कमी निघाला, वर्गात लक्षही कमी. पुढे २००५ ला सात गटांतल्या मुलांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की रक्तातलं शिसं डेसिलिटरला (१०० मिलीला) २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत जाताना बुद्ध्यांक जवळपास ४ गुणांनी घसरतो आणि १० वरून २० ला जाताना २ पेक्षा कमी, म्हणजे जास्त मार सुरुवातीच्या थोड्याशा शिशाचाच.

आणि औषध देऊन रक्तातलं शिसं उतरतं, पण २००१ च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये तसं उतरवूनही मुलांचे बुद्धीच्या चाचणीतले गुण काही वाढले नाहीत. म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारून घासा, पूड झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, लहान मूल आणि गरोदर बाई तेवढे दिवस दुसरीकडे.

काकूंनी बाळाला शेवटी खालच्या मजल्यावर धाडलं. पेंटर मात्र संध्याकाळी तेच पिवळ्या पुडीचे कपडे घालून घरी गेला, त्याचं पोरगं दोन वर्षांचं आहे.