रिजेक्ट की स्लरी? दोन्हीला 'वेस्ट कोळसा' म्हणतात, पण एकात दगड असतो आणि दुसऱ्यात पाणी

दिवाळी झाली की कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर जळणाची शोधाशोध चालू होते, आणि नेमके तेव्हाच मोबाईलवर मेसेज यायला लागतात, 'वेस्ट कोल, स्वस्तात, गाडी पोच'. रेट बघून माणूस हुरळतो. पण या एका नावाखाली दोन एकदम वेगळ्या वस्तू खपवल्या जातात, वॉशरीचा (म्हणजे कोळसा धुवायच्या कारखान्याचा) रिजेक्ट आणि वॉशरीची स्लरी (तिलाच कुणी टेलिंग्ज म्हणतं), आणि विकणाऱ्याला फरक माहीत नसतो, किंवा असतो पण सांगायचा नसतो.

आपल्या सातारा-सांगलीच्या जमिनीखाली सगळा काळा पाषाण, कोळशाचं नाव नाही. येतो तो चंद्रपूर-वणीकडून, छत्तीसगड-झारखंडकडून, नाहीतर बंदरावर उतरलेला इंडोनेशियाचा. देशी कोळसा गोंडवाना काळातला, वाहत आलेल्या गाळात तयार झालेला, म्हणून माती-दगड त्याच्या अंगातच भिनलेला असतो आणि राख ३० ते ४५ टक्के निघते. स्टीलवाल्यांना एवढी राख चालत नाही म्हणून धनबाद-बोकारोकडे कोळसा धुवायच्या वॉशऱ्या उभ्या राहिल्या. त्या धुण्यातनंच हे दोन प्रकारचं वेस्ट बाहेर पडतं, आणि दोन्ही बाहेर का पडतात याची कारणं पार वेगळी आहेत. ते कारण कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

रिजेक्ट बाहेर पडतो कारण तो जड असतो. चांगल्या कोळशाची घनता १.३ च्या आसपास, शेल दगडाची २.२ च्या वर. वॉशरीत पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड कालवून ते पाणी मुद्दाम जड करतात, आपल्या गुऱ्हाळातली काकवी जशी साध्या पाण्यापेक्षा जड असते तसं, आणि त्यात फोडलेला कोळसा सोडला की हलका कोळसा वर तरंगतो, दगडाळ माल बुडतो. बुडाला तो रिजेक्ट. म्हणजे हा माल तपासून, वजनावर नापास करून फेकलेला आहे. हातात घेतला तर मळकट करडा, चकाकी नाही, थराथराचा, आणि आकाराच्या मानाने जड लागतो. त्यात कोळसा असतोच, पण दगडाच्या थरात चिकटलेला. तो सोडवायचा म्हणजे दळायला लागणार, आणि दळला की तो इतका बारीक होतो की त्याचा प्रॉब्लेम स्लरीसारखाच होऊन बसतो.

स्लरीची गोष्ट उलटी. ती खराब आहे म्हणून फेकलेली नसते, ती बारीक आहे म्हणून फेकलेली असते. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा कण. खाणीत कटर मशीन फिरलं, क्रशरमधे फुटला, कन्व्हेयरवर आपटला की चांगल्यातल्या चांगल्या कोळशाचाही भुगा होतोच, उलट चांगला चकचकीत कोळसा ठिसूळ असतो त्यामुळे त्याचाच भुगा जास्त. हा भुगा जड पाण्यात टाकून उपयोग नाही, कारण कण दहापट बारीक झाला की तो पाण्यात शंभरपट हळू खाली बसतो, मग जड कोण हलका कोण हे ठरायच्या आधीच सगळं पाण्याबरोबर वाहून जातं. जुन्या वॉशऱ्यांमधे बारीक मालासाठी एकतर सोयच नव्हती, नाहीतर होती ती नीट चालत नव्हती, त्यामुळे हे काळं पाणी सरळ तळ्यात सोडायचे. वर्षानुवर्षं गाळ साठत गेला. आज खाणीच्या कचऱ्यातनं किमती बारीक कोळसा परत काढायचा असं जेव्हा बोललं जातं तेव्हा ते मुख्यतः या तळ्यांबद्दल असतं, रिजेक्टच्या डोंगराबद्दल नाही, आणि लोकांचा गोंधळ इथंच होतो.

मग काढतात कसा? वजन चालत नाही तर कणाचा पृष्ठभाग बघतात. कोळशाला तेल आवडतं आणि पाणी आवडत नाही, मातीचं बरोबर उलटं. स्लरीत थोडं डिझेल किंवा रॉकेल घालायचं, ते कोळशाच्या कणावर चिकटतं, मग फेस टिकवणारं काहीतरी, उदाहरणार्थ पाइन तेल, आणि खालून हवा सोडायची. कोळशाचे कण बुडबुड्याला चिकटून वर येतात, काळा फेस टाकीच्या काठावरनं ओसंडतो तो गोळा करायचा, खाली राखाडी चिखल उरतो. याला फ्लोटेशन म्हणतात. घरी बघायचं असेल तर एका पारदर्शक बाटलीत चमचाभर ताजी स्लरी, पाणी, दोन-चार थेंब डिझेल आणि थेंबभर पाइन तेल घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या, वर काळा जाड थर आणि खाली गढूळ पाणी असं वेगळं झालं तर समजायचं मालात जीव आहे. सगळंच खाली बसून राहिलं तर एकतर कोळसाच कमी आहे, नाहीतर माल जुना आहे. कारण उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कणाला हवा लागून त्याचा पृष्ठभाग बदलतो, तो पाण्यालाही धरायला लागतो आणि डिझेल त्याला नीट चिकटत नाही. जुन्या तळ्याचं काम नव्या स्लरीपेक्षा अवघड ते यामुळे. त्यात कणावर चिकणमातीचं बारीक कोटिंग असलं तर अजून त्रास, म्हणून आधी हायड्रोसायक्लोनमधे फिरवून ती माती उडवतात, आणि त्यातल्या त्यात जाड कणांसाठी स्पायरल वापरतात, गोल जिन्यासारख्या पन्हाळीतनं माल खाली येतो आणि हलकं-जड वेगळं होतं.

तळ्यातनं सॅम्पल घेण्यातही गंमत आहे. पाइप जिथं पडतो तिथं जाड कण आधी बसतात, लांबच्या टोकाला नुसता बारीक चिखल. त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी खोरं मारून आणलेला नमुना बघून अख्ख्या तळ्याचा भाव ठरवला तर घेणारा बुडतो.

आता पाणी, आणि माझ्या मते खरा खेळ इथंच आहे. जाड कोळसा जाळीवर टाकला की पाणी निथळतं, बारीक कोळसा मात्र पाणी सोडतच नाही, फिल्टर प्रेसमधे दाबला तरी २०-२५ टक्के ओलावा राहतो. साधा हिशोब करा. कोरड्यात ४५०० किलोकॅलरी असलेली स्लरी २५ टक्के ओली असेल तर किलोमागे पाऊण किलोच कोळसा, म्हणजे ३३७५, आणि त्यातनंही पाव किलो पाण्याची वाफ करायला दीडशेच्या आसपास जाणार, हातात राहिले ३२००. आणि भाडं? वीस टनाच्या गाडीत पाच टन पाणी, ते चंद्रपूरहून सांगलीला सातशे किलोमीटरच्या पुढं ओढत आणायचं! म्हणून रिपोर्ट मागताना कॅलरी 'एडीबी' आहे का 'एआरबी' ते विचारा. एडीबी म्हणजे लॅबमधे हवेवर सुकवलेल्या नमुन्याची, एआरबी म्हणजे गाडीतनं जसा उतरला तसा. पैसे आपण उतरलेल्या मालाचे देतो आणि रिपोर्ट बऱ्याचदा सुकवलेल्याचा दाखवतात. ग्रेडचंही तसंच, २०१२ पासून आपल्याकडे जी-१ ते जी-१७ अशा ग्रेड कॅलरीवर आहेत, सगळ्यात खालची जी-१७ म्हणजे २२०१ ते २५००, आणि बराचसा रिजेक्ट त्या तळाशी किंवा त्याच्याही खाली घुटमळतो, त्यामुळे 'चांगल्या ग्रेडचा रिजेक्ट' असं कुणी म्हटलं तर रिपोर्ट बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

रिजेक्टमधे पाण्याचा त्रास फारसा नाही, पण अर्ध्याहून जास्त दगड आणि राखेचंच भाडं भरता. चालतो तो एफबीसी (फ्लुइडाइज्ड बेड) बॉयलरमधे, तिथं तापलेल्या वाळूच्या बेडवर माल उकळल्यासारखा हलत जळतो, दगड बेडचाच भाग होऊन जातो. राख मात्र ढीगभर, आणि ट्यूबा घासतात ते वेगळंच. जाळीच्या साध्या बॉयलरला स्लरी दिली तर थोडी जाळीतनं खाली, थोडी ड्राफ्टबरोबर न जळता चिमणीतनं वर, मधे जळणार ते तुमचं नशीब.

वीटभट्टीला मात्र स्लरी एका जागी भारी बसते. विटेच्या मातीतच जळण मिसळायचं असेल तर ती आधीच बारीक आहे, दळायला नको, आणि ओली आहे याचा तोटा कमी कारण मातीत पाणी घालायचंच असतं. (भाडं तरी द्यायला लागतंच, ते विसरू नका.) रिजेक्ट तिथं उपयोगाचा नाही, खडे विटेत राहतात. थरात टाकायला म्हणून रिजेक्ट घेतला तर जळतो पण रडतखडत, आणि कडेच्या विटा कच्च्या राहिल्या की मुकादम जळणाला शिव्या देतो, माल मागवणाऱ्याला नाही.

पलूस-कुपवाडकडच्या फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न तिसराच. त्यांना ग्रीन सँडमधे (साच्याच्या ओलसर वाळूत) कोल डस्ट, म्हणजे कोळशाची पूड, घालायची असते, कास्टिंगला वाळू चिकटू नये म्हणून, आणि ती कमी राखेची लागते. काळी आहे, बारीक आहे, म्हणून तळ्यातली स्लरी वाळवून तिथं चालेल असं कुणी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. प्रत्येक फेरीला राख वाळूत साठत जाणार आणि वाळूचं काम बिघडणार. फ्लोटेशनमधनं निघालेला माल असेल तर राख आणि व्होलटाइलचा (तापवल्यावर वायू होऊन उडून जाणाऱ्या भागाचा) रिपोर्ट बघून विचार करता येतो.

धोकेही वेगळे. रिजेक्टचा मोठा ढीग आतून आपोआप तापून पेटतो आणि महिनोन्महिने धुमसतो. स्लरीचं तळं फुटतं. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला स्लरीचा बांध फुटून १२५ माणसं गेली. आणि दोन्ही एकत्र टाकली की काय होतं ते वेल्समधल्या अॅबरफानला १९६६ साली दिसलं, दगडमातीच्या ढिगात टेलिंग्जही टाकलेली, खाली झरा, ढीग घसरून शाळेवर आला, १४४ जण गेले, त्यात ११६ लहान मुलं. जुनी तळी उपसून कोळसा काढायला पैशाशिवायही कारण आहे ते हे.

आपल्या यार्डात एवढं मोठं काही होत नाही, पण स्लरी मे महिन्यात उघड्यावर ओतून ठेवली तर उन्हात वरचा थर भुकटी होऊन शेजाऱ्याच्या द्राक्षावर उडतो आणि पहिल्या वळवाला उरलेली ओढ्यात जाते. ताडपत्री, खाली पक्की फरशी आणि कडेनं विटेचा छोटा बांध, एवढं गाडी यायच्या आधी करून ठेवा.