रफ वही घेऊन या : शिकवणीला येण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन हे विषय विद्यापीठात एकत्र घेतलेले विद्यार्थी आमच्याकडे शिकायला येतात. चौकशी करताना पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "तयार नोट्स मिळतील का?" त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. त्याआधी एक विनंती. पहिल्या तासाला येताना फेअर वही आणू नका. जिच्यात खाडाखोड आहे, अर्धवट सोडलेली गणितं आहेत, मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या आहेत, ती रफ वही आणा.

हे आम्ही बोलण्यात सांगतो, निरोपातही लिहितो, तरी बहुतेक जण स्वच्छ वहीच घेऊन येतात. काही जण तर आदल्या रात्री जागून सगळी उत्तरं नव्याने उतरवून काढतात. त्यामागची भावना आम्हाला कळते. शिकवणाऱ्यापुढे चुकलेलं पान ठेवायला संकोच वाटतोच. पण स्वच्छ वहीत उत्तर चुकलंय एवढंच दिसतं, कुठल्या पायरीवर चुकलं ते दिसत नाही. मग तुम्ही काय विचार केला असेल याचा अंदाज बांधण्यात निम्मा तास जातो, आणि तो तास तुमचा असतो.

एक आकृती, दोन वह्या

पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देतो. प्रश्न असा होता : कच्चा माल महागला, तर त्या वस्तूच्या बाजारात काय होईल? तिच्या फेअर वहीत दोन रंगांच्या पेनांनी काढलेली नेटकी आकृती होती. पुरवठा वक्र (कोणत्या किंमतीला किती नग विकायला येतात ते दाखवणारी रेषा) डावीकडे सरकलेला, मागणी वक्रही (कोणत्या किंमतीला किती नग घेतले जातात ती रेषा) डावीकडे सरकलेला, आणि खाली लिहिलेलं : "किंमत तीच राहील, नगसंख्या घटेल." मागणी वक्र का सरकवला, हे तिला आठवत नव्हतं. समतोलाची, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात त्या किंमतीची, कल्पनाच कच्ची असेल असं समजून आम्ही तो धडा पहिल्यापासून घेतला. तो तर तिला चांगला येत होता!

तास संपत आला तेव्हा तिच्या दप्तरातून रफ वही निघाली. त्यात तीच आकृती पेन्सिलीने काढलेली होती आणि बाणांवर आकडे घातलेले होते. १ : पुरवठा डावीकडे. २ : किंमत वाढली. ३ : म्हणून मागणी घटली, मागणी वक्र डावीकडे. चूक तिसऱ्या बाणावर होती, आणि ती दिसायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"किंमत वाढली म्हणून मागणी घटली" हे वाक्य रोजच्या बोलण्यात बरोबर आहे. अर्थशास्त्रात मात्र इथेच दोन वेगळे शब्द आहेत. वस्तूच्या स्वतःच्या किंमतीमुळे मागणी कमी-जास्त होते तो संकोच आणि विस्तार. त्यात आपण त्याच वक्रावर वर-खाली जातो. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूची किंमत यांपैकी काही बदललं तर मागणीत वृद्धी किंवा ऱ्हास होतो, आणि तेव्हाच अख्खा वक्र सरकतो. लक्षात ठेवायला सोपं : बदललेली गोष्ट अक्षावर असेल तर वक्रावरून चाला, अक्षावर नसेल तर वक्र सरकवा. बरोबर उत्तर होतं, किंमत वाढेल आणि नगसंख्या घटेल. तिच्या आकृतीत किंमत वाढली म्हणून मागणी घटते आणि शेवटी किंमत वाढलेलीच नसते. रफ वही पुढे ठेवून बाण एकेक करून वाचायला लावल्यावर ही विसंगती तिने स्वतःच पकडली. आम्ही समजावून सांगितलेलं आठवडाभर टिकतं, स्वतः पकडलेलं परीक्षेपर्यंत टिकतं, असा आमचा अनुभव आहे.

आकृत्यांवरूनच आणखी एक शंका नेहमी येते, विशेषतः गणित घेऊन आलेल्यांची. नगसंख्या किंमतीवर अवलंबून आहे, तर किंमत उभ्या अक्षावर का? गणिताच्या सवयीने ती आडव्या अक्षावर हवी. शंका अगदी रास्त आहे. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये मागणीचा वक्र काढला तेव्हा किंमत आडव्या अक्षावरच ठेवली होती. पुढे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात ती उभ्या अक्षावर घेतली आणि तीच रीत रूढ झाली. त्यामुळे उतार काढताना गोंधळ झाला तर तुमची समज कमी आहे असं मानू नका. अक्ष उलटे आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

आकडा एकच, वाटा अनेक

हिशेबाच्या प्रश्नांत रफ काम आणखी महत्त्वाचं ठरतं. किंमत १० वरून १२ झाली आणि मागणी १०० वरून ८० नगांवर आली. लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते, ती किती? मूळ किंमतीपासून टक्के काढले तर १. उलट बाजूने, म्हणजे १२ वरून १० कडे येताना काढले तर १.५. मध्यबिंदू पद्धतीने सुमारे १.२२. (ऋण चिन्ह इथे बाजूला ठेवलं आहे.) तिघे मित्र तीन उत्तरं घेऊन येतात आणि आपापसांत वाद घालतात. तिघांचंही गणित बरोबर असू शकतं. प्रश्नाने कोणती पद्धत मागितली होती ते पाहावं लागतं. म्हणून प्रश्नही जसाच्या तसा आणा. "लवचिकतेचा काहीतरी प्रश्न होता" यावरून काही करता येत नाही.

निव्वळ वर्तमान मूल्याचं, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांच्या आजच्या मूल्यातून गुंतवणूक वजा करून जे उरतं त्याचं, पाहा. आज १,००,००० गुंतवायचे आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक वर्षाच्या शेवटी ४०,००० मिळायचे, दर १० टक्के. तीन रकमांचं आजचं मूल्य अनुक्रमे ३६,३६४, ३३,०५८ आणि ३०,०५३, बेरीज सुमारे ९९,४७४. म्हणजे प्रकल्प ५२६ ने तोट्यात, नाकारायचा. आता एखाद्याचं उत्तर येतं ९,४२१ नफा, प्रकल्प स्वीकारा. नुसत्या या आकड्यावरून चूक शोधता येते, पण मागे मागे जात शोधावी लागते. रफ कागदावर काळाची रेघ काढलेली असेल तर दिसतं की पहिले ४०,००० शून्याच्या खुणेवर, म्हणजे आजच मिळाल्यासारखे मांडले आहेत. एका खुणेच्या चुकीने निर्णयच उलटा झाला. म्हणून आमच्याकडे काळाची रेघ काढल्याशिवाय कोणी सूत्राला हात लावत नाही. सुरुवातीला हा सक्तीचा जाच वाटतो, पण आम्ही तो सोडलेला नाही.

"गणित किती लागतं?" असं पालकही विचारतात. सुरुवातीला रेषेचा उतार, टक्केवारी आणि साधी समीकरणं पक्की असली की काम चालतं. पुढे अवकलन आणि संख्याशास्त्र येतं आणि ते टाळता येत नाही. आमच्या मते खरी अडचण अवघड गणिताची नसते. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर वाढ १ टक्क्याची की २५ टक्क्यांची, इथे जास्त गुण जातात. (टक्केबिंदूंत वाढ १ ची आहे, आणि मूळ दराच्या मानाने २५ टक्क्यांची.) सीमान्त खर्चाचा (आणखी एक नग बनवायच्या खर्चाचा) वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूत का छेदतो, हेही गुणांच्या सरासरीवरून समजतं. आजवरची सरासरी ६० असताना पुढच्या पेपरात ५० पडले तर सरासरी उतरते, ७० पडले तर चढते. पुढचा नग सरासरीपेक्षा स्वस्त पडतो तोवर सरासरी उतरत राहते, महाग पडू लागला की चढू लागते.

व्यवस्थापनाच्या पेपरालाही रफ?

हो, लागतं. व्यवस्थापन म्हणजे पाठांतर हा समज आम्हाला मनापासून खटकतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांच्या १९७९ च्या लेखातली, उद्योगातली स्पर्धा ठरवणारी पाच बलं सगळ्यांना पाठ असतात. केसमधल्या, म्हणजे अभ्यासाला दिलेल्या उदाहरणातल्या, कंपनीवर त्यांपैकी कोणतं बल खरोखर भारी पडतंय, हे लिहिताना हात थांबतो. इथे तुमचं रफ म्हणजे केसचा छापील कागद, त्यावरच्या अधोरेखित ओळी आणि समासातली प्रश्नचिन्हं. तो आणा.

त्या कागदावर आम्हाला काय सापडतं, त्याचा एक नमुना. केसमध्ये ओळ असते : "कंपनीची स्वतःची इमारत आहे." विद्यार्थी तिच्याखाली रेघ मारून समासात लिहितो, "भाड्याचा खर्च शून्य." याच विद्यार्थ्याने अर्थशास्त्राच्या पेपरात संधी खर्चाची व्याख्या अचूक लिहिलेली असते. ती इमारत दुसऱ्याला भाड्याने दिली असती तर जे मिळालं असतं, त्यावर कंपनीने पाणी सोडलं आहे. हिशेबाच्या वहीत ते दिसत नसलं तरी निर्णयात धरावं लागतं. दोन विषय एकाच डोक्यात असतात, पण मधलं दार बंद असतं. ते उघडणं हेच आमचं मुख्य काम आहे असं आम्ही मानतो, आणि म्हणूनच दोन्ही विषय एकाच तासात घेतो.

या दोन विषयांचा सांधा कुठे आहे हे समजायला अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचा १९३७ चा प्रश्न आम्ही पहिल्या आठवड्यातच घेतो. बाजार किंमतींच्या आधारे सगळे व्यवहार जुळवतो, तर मग कंपन्या असतातच कशाला? त्यांचं उत्तर असं, की बाजारात जाण्यालाही खर्च असतो : भाव शोधणं, घासाघीस करणं, दर वेळी करार करणं. तेच काम आत करून घेणं स्वस्त पडतं तोवर कंपनी वाढते. हे एकदा नीट कळलं की काम बाहेर द्यावं की घरात करावं, या प्रकारच्या केसला पाठ केलेल्या मुद्द्यांची गरज उरत नाही.

तयार नोट्स आणि असाइनमेंट

तयार नोट्स आम्ही देत नाही. दुसरीकडे मिळतात म्हणून काही जण आम्हाला सोडून गेले आहेत, हे आम्हाला माहीत आहे. पण विद्यापीठाचा प्रश्न आकडे आणि परिस्थिती बदलून येतो, आणि दुसऱ्याच्या नोट्समध्ये तुमची चूक कुठेच लिहिलेली नसते. त्याऐवजी प्रत्येकासाठी आम्ही एक चुकांची वही ठेवतो. तारीख, प्रश्न, चुकलेली पायरी आणि ती का चुकली याचं एक वाक्य, तेही तुमच्याच शब्दांत. परीक्षेच्या आधी उजळणीला हीच वही लागते.

असाइनमेंट लिहूनही देत नाही. तुम्ही लिहिलेला मसुदा वाचून कुठे युक्तिवाद सुटला ते दाखवतो. दुरुस्ती तुम्हीच करायची.

पानं पाठवताना

तासाच्या दोन दिवस आधी पानांचे फोटो पाठवले तर आम्ही ते वाचून तयार बसतो. तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत चूक हाती लागते आणि उरलेला वेळ नवे प्रश्न सोडवायला मिळतो. पेन्सिलीचं लिखाण अंधुक येतं, तेव्हा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पानांना क्रमांक घाला, खोडलेलं पान वगळू नका. फाडून टाकलं असेल तर तोच प्रश्न पुन्हा एकदा, वही न बघता, सोडवून त्याचं पान पाठवा. चूक बहुधा त्याच जागी पुन्हा होते आणि आमचं काम भागतं.

एका गटात आम्ही सहापेक्षा जास्त विद्यार्थी घेत नाही, कारण तेवढीच रफ पानं नीट वाचून होतात. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवीन प्रवेश देत नाही. त्या दिवसांत एखाद-दुसऱ्या प्रश्नापुरतं अडलं असेल तर मात्र जरूर कळवा. प्रश्न आणि त्याचं रफ पान, दोन्ही सोबत जोडा.