एनआयसीयू आणि पीआयसीयू: मधली ती तिरकी रेघ

"ताई, पेडियाट्रिकमध्ये कुठे जागा आहे का? एनआयसीयू, पीआयसीयू, कुठलंही चालेल." म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू किंवा त्यापुढच्या मुलांचं, दोन्ही चालेल. हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पाठवणारी नर्स बहुतेक वेळा चांगली असते. मोठ्यांच्या आयसीयूत दोन-तीन वर्षं काढलेली, व्हेंटिलेटरची भीती गेलेली, नाइटची सवय झालेली. पण 'कुठलंही चालेल' वाचलं की माझं डोकं फिरतं. जाहिरातीही तशाच. घोडबंदर रोड असो की वाशी, एका ओळीत 'एनआयसीयू/पीआयसीयू स्टाफ पाहिजे'. त्या तिरक्या रेघेने किती मुलींचा घोटाळा केलाय!

किरकोळ फरक पटकन सांगते. नवजात म्हणजे पहिले 28 दिवस, त्यांचं एनआयसीयू. सरकारी दवाखान्यात त्यालाच एसएनसीयू म्हणतात. त्यापुढची मुलं पीआयसीयूत. घरी जाऊन परत आलेलं वीस दिवसांचं बाळ बऱ्याच ठिकाणी इन्फेक्शनच्या भीतीने पीआयसीयूत घेतात, तेव्हा वयावर फार अडून बसू नका. थांबलेला श्वास, हृदय परत चालू करायला शिकवणारे कोर्सही वेगळे: नवजातासाठी एनआरपी, मोठ्या मुलांसाठी पाल्स. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तीन वेळा छाती दाबून एक श्वास, मोठ्या मुलाला दोघी असाल तर पंधराला दोन. डोस दोन्हीकडे वजनावर. हे सगळं आठवड्यात पाठ होतं.

पाठ होत नाही तो ऑक्सिजन.

मोठ्यांच्या आयसीयूत आपला हात कसा तयार होतो ते तुम्हाला माहीत आहे. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, पडलं की ऑक्सिजन वाढवायचा, 98-99 दिसलं की सुटलो. पीआयसीयूत हा हात बऱ्यापैकी चालतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या शॉकमध्ये आलेलं मूल, न्यूमोनियाने छाती आत ओढणारं मूल, फिट थांबत नसलेलं मूल, सगळ्यांना आधी ऑक्सिजन, मग बाकीचं. जन्मतः हृदयाचा दोष असलेली निळसर मुलं हा अपवाद. त्यातल्या काहींचं नेहमीचं सॅच्युरेशनच 75 ते 85 असतं आणि ते डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेलं असतं.

एनआयसीयूत हाच हात बाळाचे डोळे घालवू शकतो.

माझा पहिला आठवडा. बाराशे ग्रॅमचं बाळ, बबल सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर. सॅच्युरेशन 88 वर आलं. हवेत ऑक्सिजन किती मिसळायचा ते ठरवणाऱ्या ब्लेंडरचा नॉब मी फिरवला, आकडा 99 झाला आणि मी खूश होऊन फाइल लिहायला बसले. इनचार्ज सिस्टर आल्या, मॉनिटरकडे बघितलं, काही न बोलता नॉब हळूहळू खाली आणला. आकडा 93 वर स्थिरावल्यावर विचारलं, "कुणी वाढवला?" मी म्हटलं, "मी. आता छान आहे ना?" त्या म्हणाल्या, "छान तुझ्यासाठी."

कारण असं आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांत वाढत असतात आणि पूर्ण दिवस भरतानाच काठापर्यंत पोचतात. बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं तर ही वाढ अर्धवट असते. त्यात जास्त ऑक्सिजन मिळाला की ती थांबते. काही आठवड्यांनी उपाशी पडद्यावर नवीन, नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि आजार वाढला तर पडदाच ओढून सोडवतात. याला आरओपी म्हणतात. 1942 मध्ये अमेरिकेत हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. ऑक्सिजनशी त्याचं नातं सिद्ध व्हायला 1950 चं दशक उजाडलं. मग लोक इतके घाबरले की ऑक्सिजन हात आखडून देऊ लागले आणि बाळं दगावू लागली. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांतही तेच दिसलं: 85 ते 89 वर ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त, 91 ते 95 वर ठेवलेल्यांत आरओपी जास्त. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, ऑक्सिजनवरच्या बाळाला साधारण 90 ते 95 मध्येच ठेवायचं. वर गेलं तरी धावायचं, खाली आलं तरी धावायचं.

आणि इथेच दुसरी ठेच लागते. हेच बाळ साध्या हवेवर असताना 99 दाखवत असेल, तर ते खरोखर छान आहे. धोका आकड्यात नाही, आपण दिलेल्या ऑक्सिजनवर तो आकडा येण्यात आहे. म्हणून ड्यूटी बदलताना हँडओव्हरला नुसतं 'सॅच्युरेशन 96' सांगणाऱ्या सिस्टरचा मला राग येतो. किती टक्के ऑक्सिजनवर 96, बाई?

लेबर रूममध्ये तर अजून उलटं. नुकतंच जन्मलेलं निरोगी बाळसुद्धा पाचव्या मिनिटाला 80 ते 85 च दाखवतं, दहाव्याला 85 ते 95. सॅच्युरेशनचा प्रोब उजव्या हाताला लावायचा आणि थांबायचं. आयसीयूतून आलेल्या मुलीला ते थांबणं जमत नाही.

माझी अजून एक चीड: रात्री सारखा वाजतो म्हणून वरचा अलार्म 95 वरून 100 वर नेणं. ऑक्सिजनवरच्या बाळाचा तो अलार्म बंद करण्यासारखंच आहे.

त्यामुळे एनआयसीयूत जायचं असेल तर सरळ तिथेच जा. 'आधी जरा पीआयसीयूत हात बसवते' हा सल्ला मी कुणाला देत नाही. तिथे नेमका तोच हात बसतो जो नंतर मोडावा लागतो. मुलांशी बोलायला, खेळायला आवडत असेल, आईबापांचे प्रश्न झेलायची तयारी असेल, तर पीआयसीयू करा आणि तिथेच रमा.

एनआयसीयूचं शेवटचं काम डिस्चार्जच्या वेळी. दोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. परवा दिव्याहून आलेली एक आई म्हणाली, "सिस्टर, टॉर्च मारला की डोळे मिटतो की हा. मग कशाला परत यायचं?" तिला सांगितलं, हा आजार बाहेरून दिसत नाही, दिसायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. कार्डावरच्या तारखेभोवती लाल पेनने गोल केला आणि तिच्या सासूलाही दाखवला.