ठाणे ते मेक्सिको सिटी: दोरा ताणून पाहा

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा शेजारचे काका भेटले. लेकीकडे न्यू यॉर्कला राहून नुकतेच परतलेत. म्हणाले, "समोरच्या स्क्रीनवर बघत होतो. विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून वर युरोपकडे चढतं आणि मग खाली येतं. एवढा वळसा कशाला?" म्हटलं, काका, नकाशा फसवतोय तुम्हाला.

याचं माझं लाडकं उदाहरण मेक्सिको सिटीचं. ठाणे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर, मेक्सिको सिटी 19.4 वर. म्हणजे दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षवृत्तावर, पण रेखांशांत 172 अंशांचा फरक. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की रेष अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी आडवी जाते. ठाण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण 105 किमीचा. गुणाकार करा, सुमारे 18,000 किमी होतात.

आता मुलांचा पृथ्वीगोल काढा आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा अक्षवृत्तावर टिकतच नाही, उत्तरेकडे सरकतो. रशियावरून, पार 79 अंशांपर्यंत, ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळून जातो आणि मग मेक्सिकोकडे उतरतो. लांबी भरते सुमारे 15,600 किमी. तब्बल 2,400 किमीची बचत!

असं का होतं? मोसंबं मधोमध कापलं तर काप केंद्रातून जातो आणि कडेला सर्वांत मोठं वर्तुळ मिळतं, ते बृहद्वृत्त. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता नेहमी अशाच वर्तुळाचा तुकडा असतो. ठाण्याचं अक्षवृत्त म्हणजे मात्र देठाकडचा काप. तो केंद्रातून जात नाही. दुसरं, ध्रुवाकडे सरकलं की रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात. इथे 105 किमीचा असलेला अंश 79 अक्षांशावर जेमतेम 21 किमी उरतो. वर चढण्याचा खर्च होतो, पण आडवं जाणं फार स्वस्त पडतं.

हिशेब असा: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाची कोसाइन. ही बेरीज ज्या कोनाची कोसाइन असेल तो पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन. आपल्या उदाहरणात तो 140.6 अंश येतो. प्रत्येक अंशाला 111.2 किमी, म्हणजे तेच सुमारे 15,600 किमी. 'साइन' हा शब्दही आपल्या जुन्या गणितातल्या 'ज्या' या संज्ञेवरूनच अरबी, लॅटिन असा फिरत गेलेला आहे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

'ध्रुवावर काहीतरी दडवलंय, म्हणून तिथून विमानं जाऊ देत नाहीत' असले व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कृपया पुढे पाठवू नका. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणलं.

प्रत्यक्ष विमान मात्र दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणारे मार्ग लांबले. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचे वेगवान वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. काकांना येताना कमी तास लागले, ते त्यामुळेच.