८२५० ड्रायव्हर आणि अप्रमाण सीरियल पोर्ट (लिनक्स)

नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० ही यूआर्ट चिप (म्हणजे सीरियल पोर्टवरून एकेक बिट ओळीने पाठवणारी-घेणारी चिप) १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सीरियल कार्डावर होती. तिच्या रजिस्टरांची (ड्रायव्हर ज्यांतून चिपेशी बोलतो त्या छोट्या कप्प्यांची) मांडणी पुढे सगळ्या उद्योगाने उचलली. लिनक्स कर्नलमधला सीरियल ड्रायव्हर आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. मूळ मांडणीपासून थोड्याफार फटकून असलेल्या चिपांना या ड्रायव्हरमध्ये सामावून घेणे, हे अप्रमाण हार्डवेअरला आधार देण्याच्या कामाचे नेहमीचे रूप आहे. नवा ड्रायव्हर लिहिण्याची वेळ त्या मानाने क्वचित येते.

पीसीवर पहिला पोर्ट ०x३एफ८ या पत्त्यावर आणि इंटरप्ट ४ वर (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या चौथ्या क्रमांकाच्या संकेतावर) असतो. १.८४३२ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला १६ ने भागले की १,१५,२०० हा कमाल बॉड (सेकंदाला जाणाऱ्या बिटांचा वेग) मिळतो. बाकीचे वेग त्याला पूर्णांकाने भागून येतात. मिडी वाद्यांचा ३१,२५० बॉड त्यात बसत नाही. ४ ने भागल्यास २८,८०० येतो, म्हणजे जवळजवळ ८ टक्के कमी, आणि एवढ्या फरकात अक्षरे नीट वाचली जात नाहीत. काही पीसीआय कार्डांवर १४.७४५६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असतो. ड्रायव्हरला हे सांगितले नाही, तर ९,६०० मागितल्यावर पोर्ट आठपट वेगाने बोलू लागतो आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

घड्याळ, रजिस्टरांमधले अंतर आणि वाचण्या-लिहिण्याची रुंदी हे फरक सोपे. एआरएम बोर्डांवर ते डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) नोंदवायचे, पीसीआय कार्ड असेल तर त्याची ओळख ड्रायव्हरच्या तक्त्यात घालायची. बहुतेकदा तेवढ्यावर भागते.

वागणुकीतले फरक मात्र डोके खातात. सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर यूआर्टचे रजिस्टर ८२५० सारखेच दिसतात. पण ती कामात असताना लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये (अक्षराची रचना ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये) लिहिले, तर ते लिखाण ती धुडकावते आणि वर ‘व्यग्र’ असल्याचा, मूळ चिपेत नसलेला इंटरप्ट देते. स्टेटसचे एक जादा रजिस्टर वाचल्याशिवाय तो मिटत नाही. तिच्यासाठी ८२५० ड्रायव्हरच्या सामायिक गाभ्यावर बसणारी वेगळी पातळ फाइल कर्नलमध्ये आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मिनी यूआर्टची गंमत निराळी: ती घड्याळाला १६ ऐवजी ८ ने भागते. गाभ्याला हात न लावता तिचा ड्रायव्हर घड्याळाचा वेग सरळ दुप्पट करून सांगतो. खोटे, पण हिशेब बरोबर येतो. शिवाय हे घड्याळ मुख्य कोअरच्या घड्याळाला बांधलेले असल्याने कोअरचा वेग बदलला की बॉडही बदलतो. म्हणून तिथे कोअरची वारंवारता स्थिर ठेवावी लागते.

चिप ओळखण्यासाठी ड्रायव्हर फिफो (आलेली-जाणारी अक्षरे रांगेत साठवणारी जागा) चालू करून पाहतो आणि इंटरप्ट ओळखीच्या रजिस्टरमधले वरचे दोन बिट वाचतो. यातून ८२५० च्या वारस चिपांपैकी सदोष फिफोची जुनी १६५५० आणि सुधारलेली, १६ बाइट फिफोची १६५५०ए वेगळ्या काढता येतात. सवयीबाहेरच्या चिपा या चाचणीत फसवतात. तेव्हा प्रकार हाताने ठरवून चाचणी वगळणेच शहाणपणाचे.

एआरएमच्या पीएल०११ सारखी रजिस्टरांची मांडणीच वेगळी असलेली चिप असेल, तरच स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. तोही टीटीवायची (लिनक्समधल्या टर्मिनल व्यवस्थेची) सगळी कामे स्वतः करत नाही: पोर्ट सुरू करणे, वेग बसवणे, पाठवणे थांबवणे अशी कार्ये तो लिहितो आणि सीरियल कोरकडे, म्हणजे सगळ्या सीरियल ड्रायव्हरांच्या सामायिक भागाकडे, नोंदवतो. पीएल०११ चे पोर्ट टीटीवायएस या नावाने न दिसता टीटीवायएएमए या नावाने दिसतात, आणि कर्नलच्या कन्सोल पर्यायात (संदेश कोणत्या पोर्टवर दाखवायचे ते सांगणाऱ्या) जुने नाव राहिले तर बोर्ड चालू असूनही पडदा कोरा राहतो.