हलके लिनक्स म्हणजे नक्की किती हलके?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आदल्या दिवशीपर्यंत सुरळीत चालणारे असंख्य संगणक एका तारखेने कालबाह्य ठरले. ‘माझ्या दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर कोणते हलके लिनक्स टाकू?’ हा प्रश्न तेव्हापासून मला वरचेवर विचारला जातो. उत्तरादाखल बहुतेक ठिकाणी पपी, अँटीएक्स, लुबुंटू, एमएक्स, बोधी, टायनी कोअर अशी नावांची जंत्री मिळते, प्रत्येक नावापुढे ‘सुरू झाल्यावर इतकी एमबी रॅम खातो’ असा आकडा असतो, आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान तो डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) सर्वांत चांगला, असे गृहीत धरले जाते. हा आकडा खोटा नसतो, परंतु संगणक रिकामा बसलेला असतानाचा तो आकडा असतो, आणि रिकामे बसण्यासाठी कोणी संगणक सुरू करत नाही.

निवडीकडे वळण्याआधी एका समजुतीचा निकाल लावला पाहिजे. संगणक वयोमानाने मंदावतो असे आपण सहज म्हणतो, पण प्रोसेसर गुडघ्यांसारखा झिजत नाही; दहा वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने बेरीज करत होता त्याच वेगाने आजही करतो. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला तर तो स्वतःहून आपला वेग उतरवतो, किंवा हार्ड डिस्कवरील काही जागा खराब झाल्या तर ती एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचत बसते, हे दोन अपवाद खरे आहेत आणि ते आधी तपासावेत. एरवी बदललेले असते ते त्याच्यावर टाकलेले काम, आणि त्यातही मुख्यतः त्या कामाला लागणारी मेमरी.

मेमरीची वाटणी कशी होते, हा संगणकशास्त्रातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, त्यामुळे येथे जरा रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. कोणताही प्रोग्रॅम थेट रॅमचे पत्ते वापरत नाही. त्याला दिलेले पत्ते आभासी असतात. प्रोसेसर आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मिळून एका कोष्टकाच्या साहाय्याने त्या पत्त्यांची खऱ्या रॅममधल्या जागांशी सांगड घालतात. ही सांगड एकेका बाइटची नसून ‘पेज’ची, म्हणजे पानाची असते, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४,०९६ बाइटचे असते. ही कल्पना जुनी आहे: मँचेस्टर येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात ती प्रत्यक्षात आली, आणि तेथे जास्तीची पाने फिरत्या चुंबकीय ड्रमवर ठेवली जात. प्रोग्रॅमने मागितलेले पान रॅममध्ये नसेल तर प्रोसेसर काम थांबवून कर्नलला हाक मारतो. या हाकेला ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नाव तसे असले तरी ती चूक नव्हे, तो रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. कर्नल ते पान डिस्कवरून आणतो, कोष्टकात नोंद करतो आणि प्रोग्रॅमला जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे जाऊ देतो.

काही झालेच नाही, असे प्रोग्रॅमला वाटते. वापरणाऱ्याला मात्र वाटत नाही. रॅममधून एक नोंद मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी डोके योग्य वर्तुळावर सरकायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. एकूण हिशोब १७ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. रॅमच्या एका फेरीला आपण एक सेकंद मानले, तर त्याच मापाने हार्ड डिस्कवरून पान आणायला जवळजवळ दोन दिवस लागतात. फिरते भाग नसलेल्या साध्या साटा एसएसडीला याच मापाने सतराएक मिनिटे पुरतात.

आता थोडे गणित, कारण सगळी गंमत त्यातच आहे. समजा, मेमरीकडे केलेल्या प्रत्येक एक लाख मागण्यांपैकी एकच मागणी डिस्कपर्यंत पोहोचते. मग १७ मिलिसेकंदांना एक लाखाने भागून येणारे १७० नॅनोसेकंद प्रत्येक मागणीच्या वाट्याला येतात, आणि १०० नॅनोसेकंदांची सरासरी २७० वर जाते. लाखात एक चूक म्हणजे आपण शंभर नंबरी काम म्हणू, तरीही मेमरीचा वेग जवळजवळ तिपटीने उतरला. हेच प्रमाण हजारात एक झाले तर सरासरी १७ मायक्रोसेकंदांवर जाते, म्हणजे मेमरी सुमारे १७० पट मंद होते. प्रोसेसरच्या आतल्या कॅशचा, म्हणजे छोट्या जलद मेमरीचा, विचार मी येथे सोडून दिला आहे आणि प्रत्यक्षात कर्नल स्वॅपमधून (रॅममध्ये न मावणारी पाने ठेवण्याच्या जागेतून) एक पान आणताना शेजारची पानेही, मूळ रचनेत एकूण आठपर्यंत, उचलून आणतो, त्यामुळे खरे आकडे थोडे सौम्य असतात. पण आलेखाचा आकार हाच राहतो. मेमरी भरत जाते तसतसा संगणक हळूहळू मंद होत नाही. तो बराच काळ ठीक चालतो आणि मग ब्राउझरच्या एका टॅबनंतर कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो.

हा कडा नेमका कोठे असतो, याचे उत्तर संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दिले. कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी पाने एकाच वेळी वापरत नाही. थोड्या अवधीत तो ठरावीक पानांच्याच घोळक्यात वावरतो. या घोळक्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांचे वर्किंग सेट मिळून रॅममध्ये मावत असतील, तर बाकीची पाने डिस्कवर असली तरी काही बिघडत नाही. ते मावेनासे झाले, की एकाचे पान आणण्यासाठी दुसऱ्याचे काढावे लागते, आणि दुसऱ्याला ते पुढच्याच क्षणी हवे असते. संगणकाचा सगळा वेळ मग पानांच्या ने-आणीत जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. जुना लॅपटॉप खरखरतो, डिस्कचा दिवा विझत नाही आणि माउसचा बाण ढकलल्यानंतर पाच सेकंदांनी सरकतो, तेव्हा आपण हेच पाहत असतो.

येथे एक बारकावा आहे, जो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. काढण्याजोगी पाने दोन प्रकारची असतात. प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर, म्हणजे त्याच्या सूचना, डिस्कवरील फायलीत असतोच, त्यामुळे त्याचे न बदललेले पान नुसते टाकून देता येते आणि लागेल तेव्हा फायलीतून पुन्हा वाचता येते. प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेल्या माहितीच्या पानांना मात्र अशी फाइल नसते. ती ठेवण्यासाठी स्वॅप लागतो. ‘स्वॅपमुळे संगणक मंदावतो, म्हणून स्वॅप बंद करा’ असा सल्ला यामुळेच फसतो. स्वॅप नसेल तर कर्नलच्या हाती फक्त पहिल्या प्रकारची पाने उरतात. तो ब्राउझरच्या मजकुराचीच पाने काढतो आणि लगेच परत वाचतो, म्हणजे स्वॅपशिवायही थ्रॅशिंग होतेच, आणि अखेरीस कर्नलला एखादा प्रोग्रॅम मारून टाकावा लागतो.

यावरचा सर्वांत सुंदर उपाय म्हणजे झेडरॅम. नको असलेली पाने डिस्कवर पाठवण्याऐवजी कर्नल ती आकुंचित करून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतो. रॅम वाचवण्यासाठी रॅमच वापरायची, हे ऐकायला विचित्र वाटते, पण पानांमध्ये पुनरावृत्ती आणि शून्ये भरपूर असतात. बहुधा दोन-तीन पाने एका पानाच्या जागेत मावतात. पान पुन्हा उलगडायला जुन्या प्रोसेसरलाही काही मायक्रोसेकंदच लागतात, म्हणजे मघाच्या मापाने दोन दिवसांच्या जागी फार तर दोनेक मिनिटे. झेडरॅम २०१४ च्या ३.१४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलचा पूर्ण भाग आहे आणि फेडोरा हा डिस्ट्रो २०२० पासून तो आपोआप वापरतो. त्याच्या जोडीला, पाने स्वॅपमध्ये पाठवायला कर्नलने किती तयार असावे हे ठरवणारा ‘स्वॅपीनेस’ नावाचा एक आकडा असतो; तो मुळात ६० असतो, पण स्वॅप रॅममध्येच असेल तर तो १०० च्या वर नेणे हिताचे ठरते, आणि कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो. माझ्या मते दोन जीबीच्या संगणकावर झेडरॅम चालू केलेला मध्यम वजनाचा डिस्ट्रो हा झेडरॅम नसलेल्या अतिहलक्या डिस्ट्रोपेक्षा अधिक सुखाचा असतो.

रॅम ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दलही येथेच बोलून टाकतो. लिनक्स मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली ते तेथे सांभाळून ठेवते आणि कोणी जागा मागितली की तत्काळ सोडते. त्यामुळे ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरात त्याच नावाचा स्तंभ पाहून घाबरू नये, ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ पाहावा. रॅम साफ करणारी साधने बहुधा हा उपयोगी साठाच फेकून देतात; पडद्यावरचा आकडा वाढतो, वापरणाऱ्याला समाधान मिळते, आणि पुढची प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. डेस्कटॉपवर दहा वेळा ‘रिफ्रेश’ दाबण्याच्या विधीइतकेच हे शास्त्रशुद्ध आहे, फक्त अधिक हानिकारक.

निवडीचा प्रश्न आता बराच सोपा होतो. पडद्यामागच्या सेवा आणि डेस्कटॉप मिळून किती जागा घेतात, हे डिस्ट्रो ठरवतो: अँटीएक्ससारखा आइसडब्ल्यूएम या अतिहलक्या डेस्कटॉपवर चालणारा डिस्ट्रो साधारण दोनशे एमबीच्या आसपास भागवतो, एलएक्सक्यूटी डेस्कटॉपचे लुबुंटू किंवा एक्सएफसीई डेस्कटॉपचे एमएक्स याच्या दुप्पट-तिप्पट घेते, आणि ग्नोम हा जड डेस्कटॉप एक जीबीच्या घरात जातो. म्हणजे पहिल्या दोन गटांतला फरक दोनशे ते चारशे एमबीचा. एक जीबी रॅम असेल तर हा फरक जीवनमरणाचा आहे. चार जीबी असेल तर एक-दोन जड संकेतस्थळांत तो संपतो. खरा भार ब्राउझरचा असतो. क्रोमने २०१८ मध्ये सुरक्षेसाठी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रोसेस देण्यास सुरुवात केल्यापासून तो आणखी वाढला. टायनी कोअरची पंचवीसएक एमबीची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्ट्रोची एकच फाइल, पाहून मीही एके काळी हरखलो होतो, पण तिच्यावर आजचा ब्राउझर चढवला की तो त्याची नेहमीची जागा मागतोच.

पपीची गोष्ट थोडी निराळी आहे. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा डिस्ट्रो पुरेशी रॅम दिसली तर स्वतःला संपूर्णपणे तिच्यात उतरवून घेतो. डिस्क मंद किंवा बिघडलेली असेल तर हा उपाय अप्रतिम आहे. मात्र तेथे उतरलेली पाने टाकून देण्याजोगी राहत नाहीत, त्यामुळे रॅम अगदीच तोकडी असेल तर हाच गुण अंगावर येतो. शिवाय पपी मुळात ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालते, हे ज्याला चालेल त्यानेच ते घ्यावे.

प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का, हे मात्र सर्वांत आधी पाहावे. ३२ बिटांत पॉइंटर, म्हणजे साठवलेले मेमरीचे पत्ते, आठऐवजी चार बाइटचे असल्याने मेमरी थोडी वाचते, परंतु ती वाट बंद होत आली आहे. क्रोमने ३२ बिटांच्या लिनक्सचा आधार २०१६ मध्येच काढला, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही १४४ या आवृत्तीनंतर तो आधार थांबवला. कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांवर ६४ बिट चालते. तेथे ३२ बिटांचा मोह धरू नये.

माझ्या कपाटात असाच एक कोअर २ ड्युओचा लॅपटॉप आहे: दोन जीबी रॅम आणि ५,४०० फेऱ्यांची मूळ डिस्क. त्यावर एमएक्स टाकून मी एका खिडकीत ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दर सेकंदाला चालू ठेवली आणि दुसऱ्या खिडकीत टॅब उघडत गेलो. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या दोन स्तंभांत, म्हणजे स्वॅपमधून आलेल्या आणि तेथे गेलेल्या मेमरीच्या नोंदींत, बराच वेळ शून्ये होती. मग एका टॅबबरोबर दोन्हीकडे एकदम मोठे आकडे आले, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ दाखवणारा ‘डब्ल्यूए’ हा स्तंभ वर चढला आणि खिडकी बदलणेही अशक्य झाले. झेडरॅम चालू करून तेच टॅब पुन्हा उघडले. एसआय-एसओमध्ये आकडे या वेळीही आले, कारण कर्नलच्या लेखी झेडरॅम हाही स्वॅपच; पण डब्ल्यूएचा स्तंभ तळाशीच राहिला, डिस्कचा दिवा अधूनमधूनच लुकलुकला, आणि बाण हाताबरोबर फिरत होता. डिस्ट्रो तोच होता.

हा प्रयोग पेन ड्राइव्हवरून थेट चालवलेल्या लिनक्सवर करायचा असेल, तर एवढे लक्षात ठेवावे, की तेथे केलेले बदल सहसा रॅममध्येच साठतात आणि स्वॅप बहुधा नसतो. एसआय-एसओ मग शून्यच दिसतील. तेथे नेहमीचे टॅब उघडून ‘अव्हेलेबल’चा आकडा पाहावा, आणि तो दोनशे-तीनशे एमबीच्या खाली घसरत असेल तर आणखी हलका डेस्कटॉप घ्यावा किंवा, जागा असल्यास, रॅमची आणखी एक पट्टी बसवावी.